नगर वसविण्याचा खेळ : दोघांच्या डावातून परिसराचा पाठ
(इयत्ता चौथी व पाचवीसाठी)

गाव आणि शहर यांतील फरक विचारला असता मुले ठरावीक उत्तरे देतात. गावात शेते असतात, शहरात इमारती असतात. गावात शांतता असते, शहरात गर्दी असते. ही उत्तरे चुकीची नाहीत, परंतु ती पाठ केलेली असतात. नगर कशामुळे वसते, कशाच्या आधारावर उभे राहते आणि तो आधार निखळला तर त्याचे काय होते, हा खरा प्रश्न पाठ्यपुस्तकातील चित्राकडे बोट दाखवून मुलांच्या मनात उतरत नाही. त्यासाठी मुलांच्या हातून एखादे नगर वसले पाहिजे. प्रस्तुत पाठात या हेतूने दोघांनी खेळावयाचा एक छोटा पानांचा खेळ दिला आहे. उदाहरणादाखल कल्याणजवळील मोहने गाव घेतले आहे, कारण वसणे आणि निखळणे या दोन्ही गोष्टी या गावाने एका माणसाच्या हयातीत पाहिल्या आहेत.

१. पत्त्यांविषयीचा आक्षेप

वर्गात पत्ते म्हटले की पालकांच्या कपाळाला आठ्या पडतात. हा आक्षेप शिक्षकाने हसण्यावारी नेऊ नये. आक्षेप पैसे लावण्याला आहे, पानांना नाही, हे पालकसभेत शांतपणे समजावून सांगावे. आपल्याकडे पानांच्या खेळाला जुनी परंपरा आहे. सावंतवाडीची दशावतारी गंजिफा गोल, रंगविलेल्या १२० पानांची असते आणि तिच्या दहा रंगांतून दहा अवतार मुलांच्या परिचयाचे होतात. परदेशांतही नगर वसविण्याचे पानांचे खेळ अलीकडे पुष्कळ निघाले आहेत. २०१५ साली प्रसिद्ध झालेला ‘सेव्हन वंडर्स ड्युएल’ हा खास दोघांसाठीच रचलेला खेळ आहे, तर २०१८ सालचा ‘स्प्रॉलोपोलिस’ हा अवघ्या अठरा पानांत शहर उभे करतो. येथे दिलेला खेळ यांपैकी कोणत्याही खेळाची नक्कल नाही. तो शाळेत, शून्य खर्चात तयार व्हावा अशा बेताने मांडला आहे.

शून्य खर्चाचा आग्रह नवा नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे व पुढे १९५७ पासून कोसबाड येथे बालशिक्षणाचे जे कार्य अनुताई वाघ यांच्यासह केले, त्यात परिसरातील बिया, शिंपले, पाने व खडे हीच शैक्षणिक साधने होती. ही दोन्ही गावे तेव्हा ठाणे जिल्ह्यात होती. २०१४ पासून ती पालघर जिल्ह्यात आहेत. साधन विकत आणले की ते कपाटात राहते, आणि मुलांनी केले की ते हातात राहते, हा अनुभव बहुतेक शिक्षकांना असेलच.

२. शिक्षकाची पूर्वतयारी : मोहने गावाची माहिती

खेळ सुरू करण्यापूर्वी पुढील माहिती शिक्षकाने नकाशासह मुलांना गोष्टीच्या रूपाने सांगावी.

उल्हास नदी सह्याद्रीत, राजमाची व खंडाळा यांच्या परिसरात उगम पावते. कर्जत, बदलापूर यांवरून ती कल्याणकडे येते आणि पुढे वसईच्या खाडीतून समुद्रास मिळते. या नदीच्या काठी, कल्याण-कसारा लोहमार्गावरील आंबिवली स्थानकाजवळ मोहने हे गाव आहे. कल्याण-डोंबिवली महानगरपालिका १९८३ मध्ये स्थापन झाली. आज मोहने या महानगरपालिकेच्या हद्दीत आहे.

या गावाचे रूप पालटले ते कारखान्यामुळे. १९४६ साली स्थापन झालेल्या नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशनचा, म्हणजे लोकांच्या तोंडच्या ‘एन.आर.सी.’चा, कारखाना येथे उभा राहिला. रेयॉन हा लाकडाच्या लगद्यापासून, रसायनांच्या साहाय्याने काढलेला धागा होय. तो काढण्यास व धुण्यास पाणी मुबलक लागते, म्हणून नदीकाठ. लगदा व रसायने आणावयाची आणि धागा मुंबईच्या बाजारात पाठवावयाचा, म्हणून लोहमार्ग. या दोन कारणांनी ही जागा सोयीची ठरली. कारखान्याभोवती कामगारांची वसाहत झाली, दुकाने लागली, शाळा भरल्या. २००९ मध्ये कारखाना बंद पडला. हजारो कामगारांचे काम गेले आणि थकलेल्या देण्यांचा प्रश्न पुढे वर्षानुवर्षे चालू राहिला.

याच्या जोडीला कल्याणचे उदाहरण द्यावे. कल्याण हे प्राचीन बंदर. कान्हेरीच्या लेण्यांतील शिलालेखांत त्याचे नाव येते. कालांतराने गलबतांचा व्यापार ओसरला. तथापि १८५४ मध्ये येथे आगगाडी पोहोचली आणि पुढे एक मार्ग कसाऱ्याकडून नाशिकला व दुसरा कर्जतकडून पुण्याला जाऊ लागला. बंदर गेले, जंक्शन आले, नगर टिकले. एक आधार गेल्यावर दुसरा मिळाला तर काय होते आणि न मिळाला तर काय होते, हे मुलांना या दोन शेजारच्या ठिकाणांवरून कळते.

३. साहित्य

जुन्या लग्नपत्रिका, वह्यांचे पुठ्ठे, कात्री, रंगीत खडू आणि मूठभर चिंचोके. पुठ्ठ्याची सारख्या आकाराची २२ पाने कापावीत. त्यांपैकी दोन पानांवर नदी काढावी. ही प्रत्येक खेळाडूस एक. उरलेल्या २० पानांचा जोड असा :

घर – ८
शाळा – ३
बाजार – ३
कारखाना – ३
शुद्धीकरण केंद्र (सांडपाणी स्वच्छ करण्याची जागा) – ३

प्रत्येक पानावर चित्र मोठे आणि नाव लहान असावे. वाचनात मागे असलेले मूलही मग बरोबरीने खेळू शकते, आणि चार डावांनंतर ते नाव वाचू लागते. पाने मुलांकडूनच करवून घ्यावीत. तीस मुलांच्या वर्गाला पंधरा जोड लागतील. एकूण पाने किती कापावी लागतील, हे मुलांनाच काढू द्यावे.

४. खेळाचे नियम

(अ) दोघे समोरासमोर बसतात. प्रत्येकाने आपले नदीचे पान समोर ठेवावे. त्याच्या भोवती आठ पाने बसून तीन ओळी व तीन रांगांचे चौकोनी नगर तयार व्हावयाचे आहे. नदी नेहमी मध्यभागी.

(आ) वीस पाने पिसून पालथी ठेवावीत. ज्याची पाळी असेल त्याने वरची दोन पाने घेऊन दोघांना दिसतील अशी उताणी करावीत. त्यांतील एक आपल्यासाठी ठेवावे आणि दुसरे समोरच्यास द्यावे. पाळी असलेल्याने आपले पान प्रथम लावावे, मग दुसऱ्याने. पाळी आलटून पालटून येते.

(इ) पान आठ जागांपैकी कोणत्याही रिकाम्या जागी लावता येते. एकदा लावलेले पान हलवता येत नाही. आठ पाळ्या झाल्या की दोन्ही नगरे पूर्ण होतात. चार पाने गठ्ठ्यात उरतात, ती पाहू नयेत.

(ई) कडेला कड लागली तरच दोन पाने शेजारी मानावीत. केवळ कोपरे भिडले तर नाही.

गुण चिंचोक्यांनी मोजावेत :

घर – १ गुण. शेजारी शाळा असल्यास आणखी १, बाजार असल्यास आणखी १, चालू कारखाना असल्यास आणखी १. एकाच प्रकारची दोन पाने शेजारी असली तरी गुण एकदाच.
शाळा – १ गुण. बाजार – १ गुण. शुद्धीकरण केंद्र – स्वतःचा गुण नाही.
कारखाना – नदीला लागून असला तरच चालू. त्याचे ३ गुण. कोपऱ्यातील कारखान्यास पाणी मिळत नाही, तो बंद समजावा. त्याला गुण नाही आणि दंडही नाही.
दंड – चालू कारखान्याच्या शेजारी शुद्धीकरण केंद्र नसेल तर नदी नासते. प्रत्येक अशा कारखान्यामागे ५ चिंचोके परत करावेत.

पाने कोण कोणास देतो, हा या खेळाचा गाभा आहे. प्रथम मुले नको असलेले पान समोरच्याला देतात. दोन-तीन डावांनंतर त्यांच्या ध्यानी येते की, आपल्याला नको असलेले पान दुसऱ्याला उपयोगी असू शकते, आणि नदीकाठच्या चारही जागा भरल्यावर हाती आलेला कारखाना निरुपयोगी असतो. दुसऱ्याच्या नगराकडे पाहिल्यावाचून आपले नगर नीट वसत नाही, हे येथे शब्दांवाचून शिकवले जाते.

५. फळ्यावरील उदाहरण

शिक्षकाने पुढील दोन नगरे फळ्यावर काढून गुण मुलांकडून मोजवून घ्यावेत.

पहिले नगर :
घर | कारखाना | शुद्धीकरण केंद्र
शाळा | नदी | कारखाना
घर | बाजार | घर

दुसरे नगर :
घर | शाळा | घर
बाजार | नदी | बाजार
घर | कारखाना | शुद्धीकरण केंद्र

पहिल्या नगरात दोन्ही कारखाने चालू आहेत आणि कोपऱ्यातील एकच केंद्र दोघांनाही लागून आहे. तिन्ही घरांना प्रत्येकी ३, मिळून ९. शाळा व बाजार मिळून २. कारखान्यांचे ६. एकूण १७.

दुसऱ्या नगरातही तिन्ही घरांना प्रत्येकी ३, मिळून ९. शाळेचा १, बाजारांचे २, कारखान्याचे ३. एकूण १५. म्हणजे पहिले नगर दोन गुणांनी पुढे.

आता पहिल्या नगरातील फक्त दोन पानांची अदलाबदल करून दाखवावी : केंद्र खालच्या उजव्या कोपऱ्यात आणि तेथील घर वरच्या उजव्या कोपऱ्यात. पाने तीच, संख्या तीच. पण वरच्या कारखान्याला आता केंद्र नाही, दंड ५. त्या घराला बाजारही राहिला नाही; त्याचे गुण ३ चे २ झाले. एकूण १७ वरून ११ वर येते. काय बांधले याइतकेच कोठे बांधले यालाही महत्त्व असते, हे नगररचनेचे पहिले सूत्र होय. ते व्याख्या म्हणून लिहून न देता मुलांच्या तोंडून येऊ द्यावे.

६. दुसरी मोजणी

येथवर खेळ झाला. पाठ येथून सुरू होतो. पहिल्या मोजणीचे गुण वहीत लिहून झाले की शिक्षकाने सांगावे, “आता सर्व कारखान्यांची पाने पालथी घाला. कारखाने बंद पडले आहेत. पुन्हा मोजा.” हा भाग पहिल्या दिवशी आधी सांगू नये.

बंद कारखान्याला गुण नाहीत. त्याच्या शेजारच्या घरांचा एकेक गुणही गेला. मात्र नदी नासल्याचा दंड तसाच राहतो, कारण कारखाना थांबला म्हणून नदीत व जमिनीत साचलेली घाण दुसऱ्या दिवशी नाहीशी होत नाही.

फळ्यावरचे पहिले नगर १७ वरून ९ वर येते : कारखान्यांचे ६ आणि दोन घरांचा एकेक. दुसरे नगर १५ वरून ११ वर येते. पहिल्या मोजणीत मागे असलेले नगर आता पुढे गेले. आणि केंद्र चुकीच्या कोपऱ्यात असलेले ते ११ गुणांचे नगर ३ वर येते.

वर्गात क्षणभर शांतता होईल, मग एकदम कालवा होईल. दोन्ही होऊ द्यावे. “हा अन्याय आहे,” असे एखादे मूल म्हणेल. त्याला गप्प करू नये. त्याच वाक्यापासून चर्चेस आरंभ करावा.

७. चर्चेसाठी प्रश्न

(१) पहिले नगर अधिक का कोसळले? दुसरे कमी का?
(२) कारखाना बंद पडल्यावर बाजाराचे गुण आपण तसेच ठेवले. प्रत्यक्षात बाजाराचे काय होईल? कामगाराच्या हाती पगार नसेल तर किराणा दुकानदार उधारी किती दिवस देईल?
(३) मग नगरात कारखाना घेऊच नये काय? कारखान्यावाचून पहिल्या मोजणीत किती गुण मिळाले असते?
(४) पालथ्या पानाच्या जागी आता काय आणता येईल?
(५) नदी कोणाची? आपल्या नगरातून पुढे गेलेले पाणी कोणाच्या घागरीत पडते?

दुसऱ्या प्रश्नावर चांगला वर्ग आपण होऊन नियम बदलू पाहतो. “चालू कारखाना नसेल तर बाजाराला अर्धाच गुण” असे काही मुले सुचवतील. त्यांना तसा डाव खेळू द्यावा. नियमात त्रुटी शोधणारे मूल परिसराचा विचार करू लागलेले असते. पाचव्या प्रश्नासाठी उल्हास नदीचेच उदाहरण पुरेसे आहे : कल्याण-डोंबिवलीच्या नळांना येणारे पाणी याच नदीचे, आणि उन्हाच्या दिवसांत जलपर्णीने झाकला जाणारा प्रवाहही हाच. सांडपाण्यातील द्रव्यांवर ही वनस्पती झपाट्याने पोसली जाते, एवढे सांगून थांबावे.

८. एक सावधगिरी

कल्याण तालुक्यातील व आसपासच्या अनेक वर्गांत असे मूल असू शकेल, ज्याच्या आजोबांचे वा वडिलांचे काम एखादा कारखाना बंद पडल्याने गेले आहे. शिक्षकाने त्याच्याकडे बोट दाखवून “तुझ्या घरी काय झाले ते सांग” असे कदापि म्हणू नये. ते आपण होऊन बोलले तर वर्गाने ऐकावे, आणि शिक्षकानेही त्यावर उपदेश करू नये.

याहून सूक्ष्म धोका दुसरा आहे. खेळात नगर कोसळले तर ते खेळाडूच्या निवडीमुळे कोसळते. प्रत्यक्षात तसे नसते. मोहने येथे घर घेऊन राहिलेल्या कामगाराने पान चुकीच्या जागी लावले नव्हते. पाने कोठे लावावयाची हे त्याला कोणी विचारलेच नव्हते. त्याने इमानाने पाळी केली, घाम गाळला, मुलांना शिकविले. “ज्यांचे नगर पडले ते चुकले” असा निष्कर्ष मुलांनी काढला, तर हा पाठ न घेतलेला बरा. म्हणून चर्चेच्या शेवटी शिक्षकाने हा भेद स्पष्ट शब्दांत सांगावा : खेळात तुम्ही नगर वसविणारे आहात, खऱ्या नगरात बहुतेक माणसे घराच्या पानात राहणारी असतात. नगर वसविणाऱ्याने त्या पानातील माणसांना विचारले पाहिजे, हे मोठे झाल्यावर लक्षात ठेवा.

९. इतर विषयांशी सांगड

गणित : वीस पानांत घरे आठ, म्हणजे दोन पंचमांश. पहिले पान घराचे निघण्याची शक्यता अधिक की न निघण्याची? वीस वेळा पिसून, पान काढून, नोंद करून पाहावे. दंडामुळे वजाबाकी अर्थपूर्ण होते. चिंचोके अपुरे पडले तर ‘देणे’ लिहून ठेवावे. ऋण संख्येची ही पहिली ओळख होय.

भाषा : ‘माझ्या नगराची हकीकत’ या विषयावर दहा ओळी. पालथ्या पानाआधीच्या पाच आणि नंतरच्या पाच.

परिसर : प्रत्येक गटाने आपल्या गावाची नऊ पाने मांडावीत. भिवंडी तालुक्यात कारखान्याच्या जागी यंत्रमाग येईल. शहापूर तालुक्यातील शिक्षकांनी धरणाचे पान अवश्य करावे. तानसा, भातसा यांचे पाणी मुंबईस जाते आणि त्याच तालुक्यातील पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिली जाते. नदीचे पान मध्यभागी असूनही घराला पाणी का नाही, हा प्रश्न तेथील मुलांना शिकवावा लागणार नाही. तो फक्त विचारू द्यावा लागेल.

१०. वर्गव्यवस्था व मूल्यमापन

एक डाव व मोजणी यांना साधारण पाव ते अर्धा तास लागतो. पहिल्या दिवशी पाने करावीत, दुसऱ्या दिवशी नियम व एक डाव, तिसऱ्या दिवशी डाव, दुसरी मोजणी व चर्चा. मुलांची संख्या विषम असल्यास तिसऱ्या मुलास मोजणीदार करावे. हे काम मानाचे आहे असे वर्गाला वाटले पाहिजे. दोनशिक्षकी शाळेत एका इयत्तेला शिकवीत असता दुसरीच्या जोड्या स्वतंत्रपणे खेळू शकतात. जोड्या दर आठवड्यास बदलाव्यात. हुशार मुलास नेहमी हुशार मुलाशीच बसवू नये.

गुण कोणाला किती पडले, याची नोंद प्रगतिपुस्तकात करू नये. त्याऐवजी चार गोष्टी पाहाव्यात : मूल समोरच्याच्या नगराकडे पाहते का, पान लावण्याआधी कारण सांगू शकते का, दुसऱ्या मोजणीनंतर पुढच्या डावात आपली रीत बदलते का, आणि हरल्यावर पाने नीट गोळा करून ठेवते का.

तिसऱ्या-चौथ्या डावापासून बहुतेक मुले कारखाना घेताना आधी केंद्राची जागा राखतात आणि बाजार व शाळा यांना हलके मानीत नाहीत. काही मुले त्याही पुढे जातात : गठ्ठ्यात न पाहिलेली चार पाने कोणती असतील याचा अंदाज करू लागतात. असे मूल दिसले की शिक्षकाने त्याला थांबवून फक्त एवढेच विचारावे, “तुझ्या गावाची न पाहिलेली पाने कोणती?” उत्तर त्याच दिवशी यावे असा आग्रह नाही. पाने कोरड्या जागी, दोऱ्याने बांधून, चिंचोक्यांच्या पिशवीसह पुढील वर्गासाठी जपून ठेवावीत.